तीन अंडी असतील तर हात लावायचा नाही

आधी एक कोडं.

समजा, तुम्ही समुद्रातल्या एका लहानशा खडकाळ बेटावर उभे आहात. मे महिना संपत आलाय, पण वारा असा बोचरा की कान लाल झालेत. डोक्यावर शेकडो पक्षी किंचाळत घिरट्या घालताहेत. पायाशी गवतात दोन घरटी आहेत. एकात एकच अंडं आहे, दुसऱ्यात तीन. तुम्हाला घरी खायला थोडी अंडी न्यायची आहेत. कोणत्या घरट्यात हात घालाल?

तुमच्यातले बरेचजण म्हणतील, तीनवाल्या! त्यातलं एक उचललं तरी पक्षिणीला दोन उरतील. जिच्याकडे एकच आहे, तिचं कशाला घ्यायचं बिचारीचं?

मन चांगलं आहे तुमचं. पण उत्तर चूक आहे. अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांचा नियम बरोब्बर उलटा आहे. एक किंवा दोन अंडी दिसली तर घ्या. तीन दिसली तर हात न लावता पुढे चला.

आता हा नियम दुष्टपणाचा की शहाणपणाचा, ते ठरवायचं तर आधी त्या पक्ष्याशी ओळख करून घ्यावी लागेल. हा आहे कुरव. कोकणच्या किनाऱ्यावर थंडीत पांढऱ्या-राखाडी पक्ष्यांचे थवे येतात ना, ज्यांना आपण सर्रास सीगल म्हणतो, त्यांचाच हा अलास्कातला थोराड भाऊबंद. पाठ आणि पंख फिकट राखी, चोच पिवळी, आणि आवाज विचारू नका. त्याची अंडी कोंबडीच्या अंड्याहून मोठी असतात, हिरवट रंगाची आणि त्यावर तपकिरी ठिपके.

कुरवाची मादी तिन्ही अंडी एकदम घालत नाही. एक आज, दुसरं साधारण दोन दिवसांनी, तिसरं आणखी दोन दिवसांनी. तीन झाली की तिचा कोटा पुरा होतो. मग नर आणि मादी पाळीपाळीने उबवायला बसतात आणि साधारण चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. गंमत अशी, की कोटा पुरा व्हायच्या आत एखादं अंडं नाहीसं झालं, तर मादी आणखी एक घालते.

ज्यांच्या घरी गावठी कोंबड्या आहेत, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. रोजच्या रोज अंडं उचललं की कोंबडी घालत राहते. अंडी साठू दिली की एक दिवस ती खुडूक होते, अंग फुगवून अंड्यांवर ठाण मांडते आणि जवळ गेलात तर टोचते. मग तिच्याकडून नवं अंडं मिळायचं नाव नको.

आता परत त्या दोन घरट्यांकडे पाहा. एक अंडं असलेल्या घरट्यात मादीचं काम चालू आहे. ते अंडं ताजं आहे आणि उचललं तर ती भरपाई करील. तीन अंड्यांच्या घरट्यात मात्र काम संपलंय. अंडी उबायला लागली असणार, आत जीव धरला असणार. ते अंडं खाण्याच्याही कामाचं नाही आणि नेलं तर त्याच्या जागी दुसरं येईल याचा भरवसाही नाही. म्हणजे घरट्याजवळ क्षणभर थांबून नुसतं तीनपर्यंत मोजता आलं, की पुरे. भिंग नको, दुर्बीण नको, पक्षिशास्त्राची पदवी नको.

हा नियम ज्यांचा, ते हूना ट्लिंगिट. ट्लिंगिट लोक अलास्काच्या आग्नेय टोकाला, समुद्र आणि बर्फाळ डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या, पावसाळी पट्टीत हजारो वर्षं राहत आले आहेत. सामन आणि हॅलिबट मासे, सील, जंगलातली बोरंबेरं, आणि वसंतात कुरवाची अंडी. हिवाळाभर सुकवलेल्या माशांवर काढल्यावर ताजं अंडं म्हणजे काय चीज असेल, विचार करा. अंडी आणायला मुलाबाळांसकट सगळं घर होडीतून निघायचं. त्यांची आवडती जागा म्हणजे ग्लेशियर बे या मोठ्या खाडीतलं साउथ मार्बल बेट.

पण ही खाडी फार जुनी नाही, बरं का. तीनशे वर्षांपूर्वी ती नव्हतीच! तिथे गवताळ सपाट खोरं होतं, मधून नदी वाहायची, आणि त्या खोऱ्यात हूना लोकांची गावं होती. वर डोंगरात एक हिमनदी होती. मग ती हिमनदी खाली आली.

ती का आली याची एक गोष्ट आहे. ती चूकानेदी नावाच्या कुळाची आहे. ट्लिंगिट लोकांत गोष्टींना मालक असतात. गाणी, नाच, खांबांवर कोरलेली चित्रं, सगळं कुणा ना कुणा कुळाचं असतं, आणि दुसऱ्या कुळाच्या माणसाने ते परवानगीशिवाय वापरायचं नसतं. (आपल्याकडे असं असतं तर शाळेच्या गॅदरिंगचं काय झालं असतं, देव जाणे.) म्हणून मीही ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगणार नाही. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी ती स्वतः सांगितली आणि १९८७ साली ‘हा शुका’ नावाच्या पुस्तकात ती छापली गेली. तिचा सांगाडा तेवढा देतो.

कास्टीन नावाची एक मुलगी होती. वयात येणाऱ्या मुलीने काही काळ एकटीने राहायचं, अशी प्रथा होती. एकटी बसून कंटाळलेल्या कास्टीनने हिमनदीला हाक मारली, कुत्र्याला बोलवावं तशी, सुक्या माशाचा तुकडा दाखवून. आणि हिमनदी निघाली! लोकांनी सामान बांधलं, होड्या पाण्यात लोटल्या. सगळे गेले, एक व्यक्ती मात्र मागे घरातच राहिली. कोण राहिलं? एका कथनात कास्टीन स्वतः राहते. दुसऱ्या कथनात म्हातारी आजी म्हणते की हिला पुढे मुलंबाळं व्हायची आहेत, कूळ वाढायचं आहे, मी राहते.

ती बर्फाची भिंत कुत्रा धावतो तशी धावत आली, असं हूना लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले.

आता तुमच्यातला एखादा शंकेखोर म्हणेल, बर्फ कुठे धावतो का? धावतो. हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरणारा बर्फाचा प्रचंड थर. एरवी ती गोगलगायीलाही लाजवील, पण काही हिमनद्या मधूनच जोर धरतात आणि दिवसाला कित्येक मीटर पुढे सरकतात. भूशास्त्रज्ञांनी ग्लेशियर बेच्या तळाशी असलेला गाळ तपासला, बर्फाने गाडून टाकलेल्या झाडांच्या बुंध्यांचं वय काढलं. त्यातून दिसलं ते असं, की खाडीच्या खालच्या भागात खरंच सपाट मैदान होतं, आणि अठराव्या शतकात बर्फाने झपाट्याने पुढे येऊन ते गिळलं. जगातल्या बऱ्याच भागांत तेव्हा कडाक्याची थंडी होती. त्या काळाला ‘छोटं हिमयुग’ म्हणतात. बर्फाचं सगळ्यात पुढचं टोक साधारण १७५० च्या सुमाराचं. कुत्र्याच्या वेगाबद्दल वाद घालायचा तर घाला, पण खोरं होतं, माणसं होती, बर्फ आला आणि जावं लागलं, हे सगळं गोष्टीत होतं, आणि शास्त्रज्ञ तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासून होतं.

घर सोडलेली माणसं शेवटी समुद्रापलीकडे एका आडोशाच्या जागी वसली. तेच आजचं हूना गाव. खाडीच्या तोंडापासून साधारण ५० किलोमीटरवर. आजही तिथे हजाराच्या आतबाहेर लोक राहतात.

आणि बर्फ? तो जितक्या घाईने आला तितक्याच घाईने मागे फिरला. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या होड्या इथे आल्या, तेव्हा खाडी म्हणजे जेमतेम आठ किलोमीटरची एक खाच होती, त्यापुढे बर्फाची भिंत. १८७९ मध्ये जॉन म्यूर नावाचा निसर्गवेडा लेखक आला, तोवर बर्फ निदान ५० किलोमीटर मागे गेला होता. १९१६ पर्यंत तो तोंडापासून सुमारे १०० किलोमीटरवर पोचला. एवढ्या वेगाने मागे हटलेल्या हिमनद्या जगात फारशा नोंदलेल्या नाहीत.

पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं की ग्लेशियर बे जॉन म्यूरने ‘शोधली’. मला हे वाचलं की हसू येतं. म्यूर ट्लिंगिट वल्हेकऱ्यांच्या होडीतून गेला होता. त्या वल्हेकऱ्यांतलाच एकजण लहानपणी वडिलांबरोबर शिकारीला त्या खाडीत जाऊन आलेला होता, आणि वाटेत सीलच्या शिकाऱ्यांच्या तळावर त्यांनी एक वाटाड्याही सोबत घेतला! म्हणजे बर्फ जसजसा मागे सरत होता, तसतसे हूना लोक त्याच्या मागोमाग आपल्या जुन्या जागी परतत होते. फक्त जुनी जागा आता जमीन राहिली नव्हती. बर्फाने खोरं खरवडून इतकं खोल केलं होतं की त्यात समुद्र शिरला होता. आजोबांच्या गावावरून नातवंडं होडी हाकत होती.

इथे एक आणखी चमत्कार चालू आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. ग्लेशियर बेच्या आसपासची जमीन वर येते आहे, काही ठिकाणी वर्षाला तीनेक सेंटिमीटर. शेकडो मीटर जाड बर्फाच्या वजनाने पृथ्वीचं कवच खाली दबलं होतं. वजन गेलं, आणि कवच सावकाश पूर्वपदावर येतंय. शेजारच्या गस्टेव्हस गावात समुद्र मागे हटून इतकी नवी जमीन वर आली की एकाने तिच्यावर गोल्फचं मैदान करून टाकलं.

बर्फाखालून नुकत्याच उघड्या पडलेल्या दगडधोंड्यांवर झाडं कशी येतात, हे पाहायला १९१६ मध्ये विल्यम कूपर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आले. त्यांनी जमिनीचे छोटे चौकोन आखले आणि त्यातलं रोपटं न् रोपटं नोंदवलं. आधी शेवाळ. मग ड्रायससारखी जमिनीलगत पसरणारी झुडपं. मग अल्डर. याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, म्हणून माती कसदार होते. त्यानंतर उंच स्प्रूसची झाडं. शंभर वर्षांनीही शास्त्रज्ञ तेच चौकोन शोधून काढून मोजमाप करताहेत. इतका लांबलेला प्रयोग जगात विरळाच.

कूपर आणि त्यांच्या मित्रांनी सरकारला सांगितलं की ही जागा जपली पाहिजे, आणि २६ फेब्रुवारी १९२५ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ग्लेशियर बेला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. चांगलंच झालं, नाही का? झालं तर खरं. पण कोरी, निर्मनुष्य जमीन म्हणून जी जपायची ठरली, ती कुणाच्या तरी आजोळासारखी होती, हे त्या कागदावर कुठेच आलं नाही. हूना लोकांना कुणी विचारलंही नाही. पुढे हळूहळू एकेक गोष्ट बंद झाली. सापळे बंद, सीलची शिकार बंद. कुरवाची अंडी गोळा करणं तर १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानेच गुन्हा ठरलं होतं. तो कायदा काही वाईट नव्हता. बायकांच्या टोप्यांवर पिसं खोचायला तेव्हा पक्ष्यांची बेसुमार कत्तल होत होती. पण पिसांचा व्यापारी आणि तीनपर्यंत मोजून अंडी घेणारी ट्लिंगिट आजी, दोघांना त्याने एकाच तागडीत घातलं. १९६० च्या दशकात उद्यानाचे अधिकारी तो नियम कडक पाळायला लावू लागले, आणि बेटावरच्या सहली थांबल्या. १९८० मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं.

त्यात १९४४ मध्ये हूना गावाला भीषण आग लागली होती. कुळांच्या जुन्या लाकडी घरांबरोबर त्यांतल्या पिढीजात कोरीव वस्तूही जळाल्या. म्हणजे पहिलं घर बर्फाने नेलं, दुसरं आगीने, आणि अधेमध्ये कायदा.

मग गाडी रुळावर कशी आली? एका दिवसात नाही. १९९५ मध्ये हूना लोकांची संस्था आणि उद्यान यांनी एकत्र काम करण्याचा लेखी करार केला. अंड्यांचा प्रश्न निघाला तेव्हा उद्यानाने एक शहाणपणाचं काम केलं. संशोधक आधी म्हाताऱ्या माणसांकडे गेले आणि अंडी कशी गोळा करायचा ते विचारून घेतलं. कोडं आठवतंय ना, तोच नियम त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाला. काहीजण म्हणाले, आम्ही घरट्यात एक अंडं हमखास ठेवायचो. त्यानंतर पक्षिशास्त्रज्ञ साउथ मार्बल बेटावर जाऊन बसले. कोणत्या घरट्यात किती अंडी, गरुडांनी किती पळवली, किती फुटली, सगळी नोंद केली आणि संगणकावर हिशेब मांडला. निष्कर्ष असा आला की हंगामाच्या अगदी सुरुवातीला, बेताने अंडी घेतली तर वसाहतीला फारसा धक्का लागत नाही. ज्यांनी मोठमोठी गणितं केली ते आणि ज्यांनी नुसतं तीनपर्यंत मोजलं ते, शेवटी एकाच उत्तरावर आले. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो.

तरी कायदा बदलायला २०१४ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने हूना ट्लिंगिट लोकांना ग्लेशियर बेमध्ये कुरवाची अंडी गोळा करण्याची मुभा देणारा खास कायदा केला. कधी जायचं, कुठे जायचं, याची योजना हूना लोक आणि उद्यान मिळून ठरवतात.

आणि २०१६ मध्ये घर बांधून झालं. खरंखुरं घर! २५ ऑगस्ट २०१६ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला शंभर वर्षं पुरी होत होती. त्याच दिवशी खाडीच्या काठी, बार्टलेट कोव्ह इथे, ‘हूना शुका हिट’ म्हणजे हूनाच्या पूर्वजांचं घर सर्वांसाठी खुलं झालं. हूनाची माणसं होड्या वल्हवत आली. किनाऱ्यावर शेकडो लोक वाट पाहत होते. ज्या खाडीतून पूर्वज बाहेर पडले, तिथे साधारण अडीच शतकांनी हूना लोकांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं होतं. खर्च आणि कष्ट उद्यानाचे आणि जमातीचे, दोघांचे.

या घरात कुणी राहत नाही. ते जमण्यासाठी आहे. आत चार कुळांचे चार कोरीव खांब आहेत: चूकानेदी, काग्वांटान, वूशकीटान आणि टाकदेंटान. पहिली तीन गरुडाच्या बाजूची आणि शेवटचं डोमकावळ्याच्या. सगळे ट्लिंगिट या दोन बाजूंत वाटलेले असतात, आणि जुन्या रीतीने लग्न नेहमी पलीकडच्या बाजूशीच करायचं. पोर आईच्या कुळाचं. म्हणजे तुमची आई डोमकावळ्याकडची असेल तर तुम्हीही डोमकावळ्याकडचे, आणि बाबा गरुड! खांब, पडदे आणि भिंती हूनाच्या कारागिरांनी कोरल्या. गॉर्डन ग्रीनवॉल्ड, ओवेन जेम्स आणि हर्ब शीकली ही त्यांतली प्रमुख नावं. फळ्यांवर हाताने तासणीचे घाव घालून बारीक खवल्यांसारखी नक्षी उठवली आहे. तिच्यावरून हात फिरवला तर एकेक घाव बोटांना लागतो.

२०१८ मध्ये घराजवळ एक टोटेम खांबही उभारला, जखमा भरून याव्यात म्हणून. त्यावर हिमनदीने हुसकावून लावल्यापासूनची हकिगत कोरलेली आहे, आणि उद्यानाशी झालेल्या भांडणाचा भागही त्यात वगळलेला नाही. सरकारी उद्यानाच्या अंगणात सरकारच्याच चुका कोरलेला खांब! असा खांब उभा करू देणाऱ्यांनाही थोडी शाबासकी द्यायला हवी.

उन्हाळ्यात इथे पर्यटक येतात, बहुतेक सगळे मोठमोठ्या जहाजांतून. देवमाशांना त्रास होऊ नये म्हणून दिवसाला अशा दोनच जहाजांना खाडीत प्रवेश असतो. उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून चालत्या जहाजाला गाठतात आणि कडेच्या शिडीवरून वर चढतात. हूना ट्लिंगिट वाटाडेही जहाजांवर जातात. दोन हजार लोक कॅमेरे रोखून ‘वा, काय सुंदर बर्फ!’ म्हणत असतात, तेव्हा हे त्यांना सांगतात की तुम्ही आत्ता आमच्या गावावरून चालला आहात. काय सांगायचं आणि कुठली गोष्ट आपल्या माणसांपुरती ठेवायची, हे ज्याचं त्याचं कूळ ठरवतं. हूना गावातही जहाजं थांबतात. तिथला १९१२ चा जुना मासे डबाबंद करायचा कारखाना आता पाहुण्यांचं ठिकाण झालाय आणि त्याची मालकी हूना लोकांच्याच कंपनीकडे आहे.

सगळं जमून आलं असं मात्र समजू नका. सीलची शिकार उद्यानात आजही बंद आहे. एके काळी हूना लोकांचं तेल, मांस, कातडं सगळं सीलकडून यायचं. दुसरीकडे, १९९० च्या दशकात ग्लेशियर बेमधल्या सीलची संख्या भराभर घटली. हिमनदीचे तुटून तरंगणारे तुकडे सीलच्या पिल्लांचं पाळणाघर असतात, आणि समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्याच कमी होत चालल्या आहेत. हा प्रश्न तीनपर्यंत मोजून सुटणारा नाही. त्यावर अजून सील मोजणं चालू आहे.